फ्रॉक घालून आंघोळ

आजोबा वारले तेव्हा माझी धाकटी बहीण सहा वर्षांची होती. पुढच्या आठवड्यात ती अंगावरचा फ्रॉक न काढताच आंघोळ करू लागली. आईनं खोदून विचारलं तेव्हा कळलं, की आत्यानं तिला सांगितलं होतं, "आज्जा वरनं समदं बगतोय."

वा! जन्मभर हुपरीत चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडून डोळे आणि गुडघे घालवलेल्या माणसाला स्वर्गात काम काय मिळालं, तर नातीच्या मोरीवर पहारा!

कॉलेजात जाणारी घरातली पहिली मी. मला सगळं नीट सांगता येतं असं घरच्यांना वाटतं, पण त्या दिवशी सांगितलं ते आईवडिलांनीच.

आमचे आईवडील देव मानत नाहीत. वडिलांनी बहिणीला विचारलं, "आज्जाला चष्म्याबिगर ताटातलं दिसत हुतं काय?"

"न्हाय."

"मग चष्मा कुठं हाय?"

"कपाटात."

"चष्म्याचं ऱ्हाऊ द्या की," आई म्हणाली. "बाळ, आज्जा मेला. मेलेल्या माणसाला दिसत न्हाय, ऐकू येत न्हाय, दुखतबी न्हाय."

आत्या फणकारली, "पोरीचा आधार काढून घेतलासा!"

कसला आधार? अंगाला चिकटलेला ओला फ्रॉक?

बहीण मोरीत गेली. जरा वेळानं कोरडा फ्रॉक बाहेर येऊन पडला. मग आतून आवाज आला, "आई, गुडघंबी दुखत न्हाईत न्हवं त्याचं?"

"न्हाईत," आई म्हणाली.

आत तांब्या वाजला.