एकाच नेत्याचा मार्ग, पथ आणि लेन

उमेळ्यात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा आमचा रस्ता म्हणजे वाडीतली पायवाट होती. गावातले लोक तिला 'वाट' म्हणत आणि त्यांचं कुठेच अडत नसे. मग बिल्डिंगा उगवल्या आणि पुढाऱ्यांना नारळ फोडायची हौस आली. एकाने स्टेशनच्या बाजूच्या तुकड्याला एका दिवंगत नेत्याच्या नावाचा 'मार्ग' केला. वळणापुढे विरोधी गटाने त्याच नेत्याचा 'पथ' केला. पथातून फुटणाऱ्या बोळकांडीवर बिल्डरने त्याच नावाची 'लेन' रंगवून टाकली. मार्ग जरा रुंद होता म्हणावं, तर तसंही नाही. रिक्षा वळवायला तिन्हीकडे सारखेच हाल.

आमची बिल्डिंग पथावर; वळणावरच्या, मार्गाकडच्या समोरच्या सोसायटीचा सेक्रेटरी या पाट्यांवर जगायचा. त्या माणसाचा मला तेव्हाही तिटकारा होता, आजही आहे. कोपऱ्यावर कचरा साचला की तो म्हणे, "तो पथाचा, आम्ही मार्गवाले." गणपतीची वर्गणी मागायला मात्र सर्वात आधी आमच्या दारात. "अहो, रोड एकच ना आपला!"

एका मे महिन्यात सकाळी वडील गेले. नळ कोरडे होते, टाकीत खडखडाट. त्यांना शेवटची अंघोळ घालायलाही पाणी नव्हतं. भावाने टँकरवाल्याला फोन करून 'पथ' म्हणून बजावून सांगितलं. त्याने ड्रायव्हरला सांगताना 'रोड' म्हटलं. ड्रायव्हर नवा. वळणावर थांबून त्याने नेमकं त्या सेक्रेटरीलाच विचारलं. आमच्या दारात तिरडी बांधत होते, ती सेक्रेटरीला तिथून दिसत होती. तरी त्याने स्वतःच्या सोसायटीच्या टाकीचं झाकण उघडून दिलं.

मी धावत गेले तोवर टँकर रिकामा झाला होता.

"बाबांच्या अंघोळीचं पाणी होतं हो ते!"

"ड्रायव्हरने रोड विचारला, ताई. रोड म्हणजे मार्ग. तुमचा पथ आहे. पाटी वाचा."

मी त्याची कॉलर धरली. भावाने मला ओढून आणलं नसतं तर काय झालं असतं, देव जाणे. दुसरा टँकर संध्याकाळशिवाय येणार नव्हता आणि त्या उकाड्यात तोवर थांबणं शक्य नव्हतं. आमच्या बिल्डिंगमधल्या घराघरातून पिण्याचं पाणी आलं, कुणाची कळशी, कुणाचा तांब्या. सगळं मिळून जेमतेम एक बादली झाली.

आई पाणी घालायला बसली. बादलीकडे बघून थांबली.

"रोज ओरडायचे मी यांच्यावर, एका बादलीत भागवा म्हणून," ती म्हणाली. "आज तरी दुसरी आणा रे."

भाऊ आणि मी, दोघंही जागचे उठलो नाही.