ताईचा डी ड्राइव्ह

माझी मोठी बहीण अमरावतीला घरीच कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं काम करते. ब्लाऊजच्या बाह्या, साड्यांचे पदर, लग्नातले शेले. डिझाइन कॉम्प्युटरवर बनवायचं, पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि ती पेनड्राइव्ह मशीनला लावायची, असं दिवसातून दहा वेळा तरी चालतं. मी अकोल्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. कॉम्प्युटरमधलं मला जे येतं ते दुसऱ्यांचं पाहून पाहून आलेलं, पण घरात त्यातला जाणकार मीच.

पेनड्राइव्ह नुसती उपटायची नाही, हे ताईला मीच शिकवलं होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या लहानशा चिन्हावर क्लिक करायचं, यादी उघडली की त्यातलं नाव निवडायचं, 'आता काढायला हरकत नाही' असा निरोप आला की मगच हात लावायचा. पूर्वी एकदा घाईत उपटल्यामुळे तिची एक फाइल खराब होऊन मोराचं डिझाइन पुन्हा काढावं लागलं होतं. तेव्हापासून ती हा नियम मोडत नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नाही. मी अकोल्याहून नवी डिस्क नेली, कॉम्प्युटरचा डबा उघडून आत बसवली, तिचं नाव डी ड्राइव्ह ठेवलं आणि इतक्या वर्षांची सगळी डिझाइनं तिच्यावर हलवली. हलवली म्हणजे हलवलीच, जुन्या जागी काही ठेवलं नाही. एक प्रत वेगळी काढून ठेवावी असं मनात आलं होतं. पण बसची वेळ झाली होती, पुढच्या खेपेला करू म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी ग्रंथालयात असताना तिचा फोन आला.

"डी ड्राइव्ह दिसून नाई राहिला," ती म्हणाली. "मी काईच नाई केलं रे. रोजच्यासारखी पेनड्राइव्ह काढाले गेली, अन् सगळं गायब झालं."

डिस्क मी आणलेली, बसवलेलीही मीच. तिला मात्र मी ठामपणे सांगितलं, की आता कशालाही हात लावू नकोस, कॉम्प्युटर बंदसुद्धा करू नकोस, मी उद्या सकाळी येतो. अशा वेळी जाणकार माणसं असंच सांगतात, एवढंच मला माहीत होतं.

सकाळच्या बसने निघालो. ताई फाइलींना गिऱ्हाइकाच्या गावाचं नाव देते. हिवरखेड-कमळ-उजवी-बाही, धामणगाव-जांभळा-मोर. मूर्तिजापूर येईपर्यंत मला ती नावं एकेक करून आठवत राहिली. धामणगावच्या एका घरी त्याच आठवड्यात लग्न होतं. त्यांचे आठ ब्लाऊज व्हायचे होते आणि नवरीचं डिझाइन ताईने पंधरा दिवस बसून काढलं होतं. गेलंच असेल तर तिला काय सांगायचं, याचं वाक्य मी बडनेऱ्यापर्यंत जुळवत होतो. जुळलं नाही.

घरी पोचलो तर भाऊजी नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यातून सुट्टी घेऊन थांबलेले. माझ्या सांगण्याप्रमाणे कॉम्प्युटर आदल्या दिवसापासून चालूच होता. ताईने चहा पुढे केला, पण नजर वर केली नाही. चूक आपल्याच हातून झाली असं तिने धरून ठेवलं होतं, आणि मी माझी धरून आलो होतो.

मी इकडेतिकडे पाहिलं. काही सुचेना, म्हणून कॉम्प्युटर रिस्टार्ट केला. दोन मिनिटांत डी ड्राइव्ह जागच्या जागी. उघडला. हिवरखेडचं कमळ होतं. जांभळा मोर होता. नवरीची बाही होती. ताईने खुर्ची ओढून एकेक फाइल उघडून पाहिली. भाऊजी आत जाऊन तोंड धुऊन आले. आदल्या दिवशी मी फोनवर रिस्टार्ट कर म्हटलं असतं, तर सगळ्यांची रात्र झोपेत गेली असती, हे मी त्यांना नंतर सांगितलं.

मग मी ताईला म्हटलं, काल जसं केलंस तसंच माझ्यासमोर कर. तिने पेनड्राइव्ह लावली, डिझाइनचं सॉफ्टवेअर बंद केलं, कोपऱ्यातलं चिन्ह दाबलं. यादीत एकाऐवजी दोन नावं आली. एक पेनड्राइव्हचं, दुसरं आत बसवलेल्या डिस्कचं. दोन्ही इंग्रजी अक्षरं आणि आकडे. तिने वरचं दाबलं आणि डी ड्राइव्ह आमच्या डोळ्यांसमोर नाहीसा झाला.

"तूच त सांगतलं होतं," ती म्हणाली, "यादीत दिसते ते दाबायचं."

आता मात्र कोणी घाबरलं नाही. मला हसू फुटलं, मग तिलाही. पुन्हा रिस्टार्ट, पुन्हा सगळं जागेवर.

कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेतल्या मॅडमना फोन केला. त्यांना यात काही नवल वाटलं नाही. डिस्कची वायर ज्या जागी लावली आहे, ती जागा चालू मशीनमध्येही वस्तू लावता-काढता यावी अशी ठेवलेली असते, म्हणून विंडोज आतल्या डिस्कलाही बाहेरची समजतं, असं त्यांनी सांगितलं. "डिस्क चांगली आहे, भाऊ. ताईंचंही काही चुकलं नाही." विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये त्या जागेपुढचं 'हॉट प्लग' बंद करायचं होतं. त्या फोनवर सांगत गेल्या, मी करत गेलो. नंतर यादी उघडली तेव्हा पेनड्राइव्ह एकटीच होती.

ताईने मॅडमचं वाक्य मला पुन्हा सांगायला लावलं. मग उठून नवरीची बाही मशीनवर चढवली.

मी सगळ्या डिझाइनांची एक प्रत या खेपेला सोबत आणलेल्या दुसऱ्या डिस्कवर काढायला लावून दिली. हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती. बाजूला बारा सुयांचं मशीन खडखडत होतं, आणि तिथल्याच दिवाणावर मी कधी आडवा झालो ते कळलं नाही. जेवायला उठवलं तेव्हा दुपार टळून गेली होती. माझ्या बसच्या वेळेचं नाव कोणी काढलं नाही, मीही नाही.