मानाने पाहिलेली बाग

“तिकीट? आमी तिकीट काढून जायाचं?” चेअरमन अण्णांनी बुकिंगचा कागद माझ्याकडे परत सरकवला. सोबतच्या दोन संचालकांनी माना डोलावल्या.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. राहात्याला माझं ट्रॅव्हल्सचं ऑफिस नवंच होतं. अण्णा पेरू बागायतदारांच्या सोसायटीचे चेअरमन. संचालक मंडळाला दक्षिणेत फिरवून आणायचं काम मला मिळालं होतं. ते नीट पार पडलं तर सोसायटीच्या सभासदांच्या सगळ्या सहली माझ्याकडे येणार होत्या. बिघडलं तर संगमनेरचा एक ट्रॅव्हल्सवाला टपूनच बसला होता.

दौऱ्यात सगळ्यांचा डोळा एकाच ठिकाणावर होता. एका जुन्या संस्थानाचा राजवाडा आणि त्यामागची बाग. नाव सांगत नाही, तिथली माणसं फार चांगली होती. तिथं मी ग्रुप बुकिंग केलं होतं. म्हणजे किती माणसं कधी येणार ते आधी कळवायचं, तिकिटं राखून ठेवायची, दारात ताटकळायला नको.

पण आमच्याकडे संचालक म्हणजे पहिल्या रांगेतला सोफा. कुस्त्यांचा फड असो की कृषी प्रदर्शन, त्यांना तिकीट काढताना कुणी पाहिलेलं नाही.

“अण्णा, तिथं आपल्याला कोण ओळखतंय?”

“मंग वळख करून दे की. तू कशाला हायेस? फोन लाव. म्हनावं, प्रगतशील बागायतदार अभ्यास दौऱ्यावर येत्यात. मानानं घेत्याल आत.”

सोसायटीच्या दप्तरी ही सहल ‘अभ्यास दौरा’च होती म्हणा. सहल म्हटलं की वार्षिक सभेत सभासद ओरडतात, अभ्यास म्हटलं की टाळ्या वाजवतात.

मी एसटीडी बूथवरून फोन लावला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत निरोप दिला. पलीकडचे बागेचे सुपरिंटेंडेंट इतके खूश झाले की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. “नो टिकेट, सर! यू आर अवर गेस्ट्स!” मी बुकिंग रद्द केलं.

ठरलेल्या सकाळी आम्ही पोचलो. सुपरिंटेंडेंट साहेब स्वतः हार घेऊन उभे. रांगेतले लोक माना वळवून बघत होते. अण्णांनी माझ्याकडे ‘बघ, काय म्हणालो होतो’ असं पाहिलं. मग आम्हाला मागच्या खास दारानं आत नेलं.

ते दार बागेत उघडत होतं.

साहेबांची बाजू आता मला कळते. त्यांच्याकडे रोज येणारे लोक कारंज्यापुढे फोटो काढून निघून जायचे. खरे शेतकरी, तेही अभ्यासाला, पहिल्यांदाच आले होते. त्यांनी मातीपासून सुरुवात केली. मग पाण्याचा निचरा. मग गांडूळखताचे खड्डे, एकेक करून सगळे. जेवणानंतर त्यांनी प्रत्येक संचालकाच्या हातात चाकू देऊन कलमं बांधायला बसवलं. ज्यांनी उभा जन्म कलमं बांधण्यात घालवला, त्यांना!

“घरी काय कमी खत हुतं म्हनून हितं आलो?” एक संचालक माझ्या कानात पुटपुटले.

मी धीर करून म्हणालो, “सर, थोडा पॅलेस भी...”

“पॅलेस टूरिस्ट लोगों के लिए है,” साहेब हसले. “आप तो स्टडी के लिए आए हैं!”

अण्णांनी माझा दंड दाबला. “गप ऱ्हा. आता कुठल्या तोंडानं सांगतो?”

संध्याकाळी राजवाडा बंद झाला. आम्हाला त्याची मागची भिंत आणि तिच्यावरचे पाण्याचे पाइप तेवढे दिसले.

परतताना आमचा ड्रायव्हर शिमोन साळवे मात्र भलताच खुशीत. तो आणि आचारी रांगेत उभे राहून, तिकीट काढून सगळा राजवाडा बघून आले होते.

“काय दरबार हाय अण्णा! छताला नुस्ते मोर!”

बसमध्ये मागून एका संचालकानं विचारलं, “आन् आरसे?”

“लई. मानूस चारी अंगांनी दिसतंय.”

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. काम हातचं गेलं, असंच मी धरून चाललो. अण्णांपेक्षा मला माझाच राग येत होता, कारण फोन मी लावला होता.

पण वार्षिक सभेत अण्णा निचरा आणि गांडूळखतावर असे काही बोलले की सभा गार झाली. माहिती खरीच होती, नाही कशाला म्हणा! सभासदांनी टाळ्या वाजवून ठराव केला: मंडळानं दरवर्षी तिथंच जाऊन अभ्यास पुरा करावा.

दुसऱ्या दिवशी अण्णा ऑफिसात आले. आधी दार लावून घेतलं.

“सभासदांच्या सहली तुझ्याकडंच. आन् फुडच्या बारीला आमचं तिकीट काढ. रांगेत हुबं ऱ्हाऊ. फकस्त आमी कोन हाय, ते त्या बागवाल्याला कळू देऊ नको.”

मी तिकिटं काढली. धंद्यात मी शिकलो ते एवढंच: पाहुण्यानं यजमान दाखवील ते बघायचं. आपल्याला हवं ते बघायचं असेल तर तिकीट लागतं.