निमगडे मास्तरांची उन्हाची पेटी

पोंभुर्ण्याला वीज येऊन बरीच वर्षं झाली होती, पण मुक्कामाला ती क्वचितच असायची. संध्याकाळी लोक चुलीला सरपण लावत आणि लाईनला शिव्या देत. सत्त्याऐंशी सालच्या पावसाळ्यात तर तारांवर झाडं इतकी पडली, की वायरमनचं तोंड बघायला मिळालं तरी लोक समाधान मानू लागले.

गावच्या हायस्कुलात वामनराव निमगडे विज्ञान शिकवायचे. त्यांचे वडील बल्लारपूरला कोळशाच्या खाणीत होते. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यावर त्यांनी पोराला एकच गोष्ट बजावली होती, तपासल्याशिवाय काही मानायचं नाही. वामनरावांनी ती इतकी मनावर घेतली, की बाजारातला दुधी भोपळासुद्धा ते ठोकून, हुंगून, उन्हाकडे धरून मग घेत. भाजीवाली त्यांना पाहिलं की दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायची.

एवढा काटेकोर माणूस, पण एका बाबतीत पार ढिला. त्यांना कुणाला नकार देता येत नसे. कुणी काही मागितलं की ते मान हलवत म्हणायचे, "बघतो." गावाला अनुभवाने कळलं होतं, की मास्तरांचं 'बघतो' म्हणजे काम झालं.

त्या वर्षी नागपूरच्या एका प्रदर्शनातून त्यांनी सोलरची पट्टी आणली. कोपऱ्याला तडा गेल्यामुळे ती स्वस्तात सुटली होती. तिच्यासाठी किती मोठी बॅटरी लागेल हे काढायला ते आठवडाभर बसले. घरात दोन छोट्या ट्यूब, त्या जेवणं आणि पोरांचा अभ्यास होईपर्यंत. बातम्यांपुरता रेडिओ. ढगाळ दिवस लागोपाठ आले तर शिल्लक असावी म्हणून थोडी जास्त. शिवाय बॅटरी कधी अर्ध्याच्या खाली उतरू द्यायची नाही, नाहीतर ती लवकर मरते.

"म्हणजे बादली भरायची आन् अर्धंच पाणी वापराचं?" त्यांची बायको मनकर्णा तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

"तसंच समज."

"मंग मोठी बादली काऊन नाई घेत?"

"मोठी भरायला नळ पण मोठा लागते ना! आपला नळ म्हणजे ही पट्टी."

मनकर्णाला पटलं. वामनरावांनी सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली, तिच्यात स्कूटरची बॅटरी बसवली, वर कातडी मूठ लावली. पेटी एका हातात, पट्टी दुसऱ्या हातात. घरात दिवाबत्तीला, आणि ते स्काऊटमास्तर असल्याने हिवाळ्यातल्या जंगलातल्या शिबिरालाही. लाईन गेली की सगळ्या आळीत अंधार, फक्त निमगड्यांच्या घरी पांढरा शुभ्र उजेड. महिनाभर हे सुख टिकलं.

मग गुणवंतराव आले. ते गावचे सरपंच, आणि हायस्कूल चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्षही. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी पेटीकडे बोट केलं.

"मास्तर, ह्याच्यावर टीव्ही चालते का?"

"लहान चालेल, भाऊ. पण मग ट्यूब..."

"रविवारी सकाळी मालिकेच्या ऐन वेळेवर लाईन जाते. गावच्या लोकायचा जीव तुटते. माह्यासाठी नाई म्हणत मी."

लोकांच्या जिवाचा प्रश्न आला म्हटल्यावर वामनराव म्हणाले, "बघतो."

टीव्हीसाठी हिशोब पुन्हा मांडला. स्कूटरच्या बॅटरीच्या जागी जीपची आली. एक पट्टी पुरेना, म्हणून दुसरी आली. पेटी मोठी झाली, आणि एका मुठीच्या जागी दोन कड्या लागल्या. आता ती उचलायला दोन माणसं लागत. वामनराव मात्र अजूनही तिला 'हातपेटी'च म्हणत.

डिसेंबरात शिबिराची तयारी सुरू झाली. जागा ठरली गावापासून आत जंगलात, नाल्याकाठी. गुणवंतरावांना ही बातमी पोचली.

"उद्घाटनाले मी येतो," ते म्हणाले. "माईक ठेवा."

"भाऊ, जंगलात माईक कशाला? पोरं समोरच बसतील."

"आवाज घुमला पायजे, मास्तर. आन् गेटवर ट्यूब लावा. चंद्रपूरहून साहेब येऊन राह्यले. त्यायच्या तंबूत पंखा ठेवा."

"थंडीत पंखा?"

"चालवा म्हणून कोन सांगते? दिसला पायजे."

वामनराव म्हणाले, "बघतो."

या वेळी ट्रकची बॅटरी आली. पेटी इतकी जड झाली, की तिला बैलगाडीच लागली. पट्ट्या गवताच्या पेंढ्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. बाजारात एकाने विचारलं, "मास्तर, घर बदलून राह्यले का?" वामनरावांनी त्याला उभ्या उभ्या पूर्ण हिशोब समजावून सांगितला. तो हिशोब अगदी बरोबर होता. त्या माणसाने मात्र पुन्हा कधी त्यांना प्रश्न विचारला नाही.

नाल्याकाठी पोचल्यावर वामनरावांनी वर पाहिलं आणि पट्ट्या गाडीतच राहू दिल्या. शिबिरासाठी त्यांनी जंगलातली सर्वांत चांगली जागा निवडली होती. चांगली म्हणजे दाट जांभळांची सावली. ऊन तिथे रुपयाएवढ्या ठिपक्यांनी पडत होतं, आणि तेही हलत होतं.

त्या जंगलाचा फॉरेस्ट गार्ड सुकलू तिथेच उभा होता. वामनरावांनी त्याला बाजूला घेतलं.

"सुकलूभाऊ, ही एक फांदी तोडली तर?"

"कोणती?"

"ही. आणि तिच्या मागची. आणि ते झाड थोडं."

सुकलूने झाडाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "मास्तर, तुमी मागच्या साली पोरायले झाडं वाचवा म्हणून गाणं शिकवलं. मी आयकलं होतं."

पट्ट्या दूर मोकळ्या गवतात नेऊन ठेवाव्या लागल्या. जवळची सगळी वायर जोडली, मनकर्णाने दिलेली कपडे वाळत घालायची जुनी वायरसुद्धा. इतक्या लांबून वीज येता येता वाटेतच दमते, हे वामनराव वर्गात शिकवत आले होते. आता ते स्वतःच ते पाहत होते. मधूनच एखादी म्हैस येऊन पट्टीवर नाक पुसून जाई. दिवसभर ते पट्ट्या पुसत, सूर्याकडे वळवत, आणि घाम पुसत राहिले. शिबिरात काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता.

संध्याकाळ व्हायच्या सुमाराला गुणवंतराव आले. चंद्रपूरचे साहेब आलेच नव्हते. त्यांच्या रिकाम्या तंबूत पंखा मात्र फिरत होता, कारण तो चालू करून दाखवण्याचा मान अध्यक्षांनी स्वतः घेतला होता आणि बंद करण्याचा मान कुणी घेतला नाही. मग भाषण सुरू झालं. विषय होता काटकसर.

भाषण लांबलं. जांभळांवरचे बगळे उडून गेले. गेटवरची ट्यूब आधी पिवळी झाली, मग लाल झाली, मग तिने डोळे मिटले. माईक घोगरा होत गेला. "बालमित्रांनो, ऊर्जा ही राष्ट्राची..." एवढं म्हणून तो एकदम गप्प बसला. गुणवंतराव मात्र बोलतच होते, आणि गंमत म्हणजे त्यांचं बोलणं शेवटच्या रांगेतल्या पोरालाही स्वच्छ ऐकू येत होतं.

त्यानंतर शिबिरात उजेड नव्हता. सुकलूने शेकोटी पेटवली. पोरं तिच्याभोवती बसली, आणि कित्येक जण पुढे म्हणायचे, की शिबिराचा तोच भाग बरा होता.

बैलगाडी परत आली तेव्हा मनकर्णा दारातच उभी होती. वामनराव ओसरीवर बसले आणि त्यांनी पुन्हा हिशोब सांगायला घेतला. वायर एवढी लांब, पंखा एवढा वेळ, माईक एवढा वेळ. सगळं जुळत होतं.

मनकर्णाने पाण्याचा तांब्या पुढे केला. "अवो, सगळं धरलं तुमी. तुमचं 'बघतो' कुठी धरलं?"

वामनराव पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रकची बॅटरी जिथून आणली तिथे पोचती केली, पेटी सुताराकडून पुन्हा लहान करून एका मुठीची केली आणि स्कूटरची जुनी बॅटरी परत बसवली.

उन्हाळ्यात गुणवंतरावांच्या मुलाचं लग्न ठरलं. ते पुन्हा आले.

"मास्तर, मांडवाले लायटिंग पायजे. तुमची पेटी आना."

मनकर्णा आत भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

"नाई जमत, भाऊ," वामनराव म्हणाले. "ही पेटी दोन ट्यूबची आहे."

गुणवंतरावांनी कान पुढे केला. त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "मंग बघा ना."

"बघितलं. नाही जमत."

गुणवंतराव चहा न घेता उठले. लग्नाला त्यांनी चंद्रपूरहून जनरेटर आणवला. त्याच्या धडधडीत मंगलाष्टकं कुणालाच ऐकू आली नाहीत. अक्षता केव्हा टाकायच्या ते लोकांनी भटजीच्या हातवाऱ्यांवरून ठरवलं. वामनराव आणि मनकर्णा पंगतीत बसून लख्ख उजेडात पोटभर जेवले. आग्रह करायला गुणवंतराव स्वतः आले, पण निमगड्यांच्या पानाजवळ आल्यावर जिलेबीचं ताट त्यांनी पुढच्या माणसाकडे वळवलं.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा अध्यक्षांनी वामनरावांवरचा स्काऊटचा भार 'त्यांच्या प्रकृतीचा विचार करून' कमी केला. प्रकृती ठणठणीत होती. मास्तर जरा उदास होऊन घरी आले. मनकर्णाने बातमी ऐकली आणि त्याच संध्याकाळी कढई चढवून कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्या तळल्या. लाईन गेलेलीच होती. वामनरावांनी छोट्या पेटीचा खटका दाबला, पाट ओढला, आणि पहिली वडी तोडली तर जीभच भाजली.

"हळू खा," मनकर्णा म्हणाली. "आता कुठी जाची घाई हाय?"