खालून दुसरं

आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीत डबा उघडून बसलो होतो. थेरगावात आमच्या दुकानाशेजारी मेडिकल चालवणाऱ्या बाई बोलत होत्या. "भाऊ, निघा लगेच. काकू दुकानात बसल्या होत्या, बसल्या बसल्याच..." मी डबा तसाच झाकून निघालो. घरी पोचलो तेव्हा आईला बाहेरच्या खोलीत निजवलं होतं. अण्णा, माझे वडील, भिंतीला टेकून बसले होते. आई सवाष्ण गेली, म्हणून तिला हिरवी साडी नेसवायची होती. मावशी म्हणाली, "बाळा, आईच्या कपाटातली चांगलीशी हिरवी साडी काढून आण." मी कपाट उघडलं आणि तसाच उभा राहिलो. हिरवा, लाल, तपकिरी यांत माझा जन्माचा घोटाळा आहे. हे मला कळलं ते हवाई दलाच्या वैद्यकीय तपासणीत, आणि त्याच दिवशी माझं वैमानिक होणं संपलं.

गंमत म्हणा की आणखी काही म्हणा, माझ्या आईचा धंदाच रंगांचा होता. दांगे चौकाजवळ तिचं मॅचिंग सेंटर. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. बायका पिशवीतून साडी काढायच्या आणि आई उजेडाकडे न जाता, बसल्या जागेवरून सांगायची, "ही आमसुली न्हाई, डाळिंबी हाय." शाळा सुटली की मी गल्ल्यामागे बसून अभ्यास करायचो आणि लोहगावच्या विमानतळावरची लढाऊ विमानं डोक्यावरून गेली की वही टाकून फुटपाथवर धावायचो. गिऱ्हाईक खोळंबलेलं असलं तरी त्यासाठी ती मला कधी रागावली नाही.

मी वैमानिक होणार हे पुढे आमच्या गल्लीनंच ठरवून टाकलं. सगळ्यांना काळजी एकच, पोराला चष्मा लागता कामा नये. कोणी सांगितलं, पहाटे दवात अनवाणी चालवा. कोणी गाजराचा रस सांगितला, तो आईनं मला बारावीपासून रोज पाजला, इतका की अजून पानात गाजर दिसलं तरी मी ते बाजूला काढतो. संध्याकाळी मित्र मला चौकात उभा करायचे आणि लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचायला लावायचे. मी वाचायचो. बस जवळ आली की सगळे टाळ्या पिटायचे. आई दुकानाच्या पायरीवरून बघायची. तेव्हा तिचा चेहरा कसा असायचा, हे हल्ली मी आठवून आठवून बघतो... आठवत नाही.

लेखी परीक्षा झाली, मुलाखतही पार पडली. तपासणीत लांबची अक्षरं मी धडाधड वाचली. मग डॉक्टरसाहेबांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक पुढे केलं. "इसमें कौनसा नंबर है?" मला नुसते ठिपके दिसत होते. त्यांनी पान उलटलं. पुन्हा ठिपके. मी म्हणालो, "सर, इसमें नंबर है?" त्यांनी पुस्तक मिटलं आणि हळू आवाजात विचारलं, "बेटा, माँ की तरफ़ किसी को है?" हे मुलाला आईकडून येतं, ते मला तेव्हा समजलं. आणि आठवले माणचे आजोबा, आईचे वडील, ज्यांना मिरचीच्या तोड्याला लाल-हिरव्या वेगळ्या करता येत नसत आणि हा आळस समजून सगळी भावकी ज्यांना हसायची.

घरी येऊन सांगितलं, "रंगात नापास झालो." अण्णांनी पुन्हा पुन्हा विचारलं, रंगात म्हणजे कशात? आईनं काहीच विचारलं नाही. ती आत गेली आणि भाकरी थापायला बसली. एरवी तिच्या तोंडाला कुलूप नसायचं. त्या संध्याकाळच्या भाकरीच्या थापा मला अजून ऐकू येतात.

पुढे एका रविवारी दुकानात बसलो होतो. आई मदतनीस मुलीला म्हणाली, "ती शेवाळी दे गं." थोड्या वेळानं मला म्हणाली, "डाव्या हाताचं, खालून दुसरं दे." मी ठाण काढून दिलं आणि हात तिथंच थांबला. आईनं जन्मात कधी मला रंगाचं नाव घेऊन वस्तू मागितली नव्हती. वरचं, खालचं, कडेचं, मधलं. मी सगळं दुकान जागेवरून शिकलो होतो आणि मला वाटत होतं की मी रंग शिकलोय. कंपनीतही मशीनवरचा दिवा मी असाच वाचतो, लाल वर, हिरवा खाली. म्हणजे तिला ठाऊक होतं, मी लहान होतो तेव्हापासून. मग मला स्वप्न का बघू दिलं? तिला विचारायचं मी रोज ठरवायचो. तिच्या तोंडाकडे बघितलं की दुसरंच काही बोलून टाकायचो.

तर, त्या दिवशी मी कपाटापुढे उभा होतो. बाहेरून मावशीची हाक आली, "सापडली का रे?" तेवढ्यात अण्णा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "उजवीकडचा ढीग. वरून तिसरी." मी वळून बघितलं. "तिनं सांगून ठेवलंय. म्हणली, मी गेल्यावर पोराला साडी काढाया लावत्याल, त्याची फजिती व्हायला नगं."

तेरावा उरकल्यावर मी अण्णांना विचारलंच. "आईला आधीपासून माहीत होतं?"

"व्हय. तू पहिलीत असशील."

"मग बोलली का नाही?"

अण्णा म्हणाले, "तिला वाटायचं, इमान चालवायला लांबचं दिसलं म्हंजे झालं. रंग कशाला इचारत्याल? म्हणायची, वर सगळं निळंच तर आसतंय. निळं दिसतंय माझ्या पोराला."

निळं मला खरंच दिसतं, अगदी स्वच्छ दिसतं. एवढ्या एका रंगाच्या भरवशावर ती मला वर्षानुवर्षं गाजराचा रस पाजत राहिली. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. नुसतं रडू आलं.

आता रविवारी दुकान मी उघडतो. कोणी शेवाळी मागितला की हात आपोआप डावीकडे, खालून दुसऱ्यावर जातो, आणि बाई तो उजेडात धरून म्हणते, "अगदी हाच." माझ्या पाठीमागे कोणीतरी समाधानानं हं म्हणतं, असं मला दर वेळी वाटतं. मागे वळून मी बघत नाही. आईनं शेवटी मागवलेल्या मालाचा गठ्ठा मात्र परवा आला. मदतनीस मुलगी आता येत नाही, कुठलं ठाण कुठं लावायचं, हे सांगणारं कोणी नाही, म्हणून तो कोपऱ्यात तसाच पडून आहे. त्यातलं निळं तेवढं मी ओळखलं आणि त्याच्या जागी नेऊन ठेवलं.