घाटावरच्या कॉलनीचं भूत

मी ज्या रेल्वे कॉलनीत वाढले ती आता ओस पडली आहे, आणि तिच्या नावानं उसासे टाकणाऱ्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. हुबळीहून गोव्याकडे जाणारी गाडी जिथे घाट उतरायला लागते, तिथे ती कॉलनी होती. खालून चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटायला जादा इंजिनं लागत. त्या इंजिनांसाठी शेड, शेडसाठी माणसं, माणसांसाठी लाल कौलांची बैठी घरं, चौथीपर्यंतची शाळा आणि साहेबांना टेनिस खेळायला एक सपाट अंगण. वाफेची इंजिनं गेली, पुढे मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं, शेड बंद झाली. माणसं बदल्या घेऊन पांगली. दारं-खिडक्या कुणी कुणी उचलून नेल्या, कौलं माकडांनी फोडली. इतिहास एवढाच आहे.

हुबळीतल्या नवनगरच्या एका गृहस्थांचं मात्र एवढ्यावर भागत नाही. तारिहाळच्या कुठल्याशा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी सहली काढायला सुरुवात केली. दर रविवारी मिनीबस भरून ते लोकांना ‘भुताचं गाव’ दाखवायला नेतात. धारवाडात गणित शिकवून निवृत्त झालेली एक बाई त्याच कॉलनीतली आहे हे त्यांना कळलं, तेव्हा ते माझ्या घरी आले, मॅडम मॅडम करत दोनदा चहा प्याले आणि मला पाहुणी म्हणून नेतो म्हणाले. शेडचं काय उरलंय ते बघावं म्हणून मी गेले.

उरलं काहीच नव्हतं. शेडच्या जागी घाणेरीचं रान माजलं होतं. गृहस्थांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना शेडच्या साहेबांच्या बंगल्यापुढे गोळा केलं आणि आवाज खाली आणून गोष्ट सांगितली. इथल्या साहेबांच्या तरुण बायकोनं पहाटे दरीत उडी घेतली. प्रेत मिळालंच नाही. तेव्हापासून ती पांढऱ्या साडीत फिरते, आणि तिच्याच भीतीनं अख्खी कॉलनी एका रात्रीत रिकामी झाली. ऐकणारी माणसं शिकलेली होती, दोघं तर डॉक्टर होते. एकानंही विचारलं नाही की एका रात्रीत एवढ्या बिऱ्हाडांचं सामान गेलं कसं. सगळे बंगल्याच्या पडक्या खिडकीपुढे उभे राहून फोटो काढून घेत होते.

ती बाई मला माहीत होती. साहेब तिला मारायचा. बंगल्यातला आवाज आमच्या रांगेपर्यंत यायचा आणि बायका नळावर हंडे जरा जोरात आपटायच्या, म्हणजे ऐकू आलं नाही असं म्हणायला मोकळ्या. मी अकरा वर्षांची असताना एका सकाळी ती हातात ट्रंक घेऊन, सगळ्यांच्या देखत फलाटावर आली. तिकीट काढलं आणि हुबळीच्या गाडीत बसली. माझे अप्पा शेडमध्ये फिटर होते. तिची ट्रंक त्यांनीच डब्यात चढवून दिली. मी त्यांच्या शेजारी उभी होते.

दुपारी साहेबानं सांगितलं की बायको पहाटे दरीकडे गेली ती आलीच नाही. पळून गेलेल्या बायकोपेक्षा मेलेली बायको त्याला सोयीची होती. चौकशीला माणूस आला. फलाटावर उभ्या असलेल्या एकालाही काही दिसलेलं नव्हतं. अप्पांनाही नाही. त्याच वर्षी अप्पांची हुबळीला बदली झाली. कागदावर सही त्याच साहेबाची होती. त्या बदलीमुळे मला हायस्कूल मिळालं, कॉलेज मिळालं. अप्पांविषयी मनात जे आहे ते या कारणानं कमी होत नाही. वाढतं.

कॉलेजात असताना धारवाडच्या एका शिवणक्लासात ती मला भेटली. तिथे ती शिकवत होती. मी ओळखलं, तिनंही ओळखलं. कुणाला सांगू नकोस, एवढंच म्हणाली. तेव्हापासून मी तिला अक्का म्हणते. ऐंशी उलटली तरी धारवाडातच केलगेरीच्या तळ्याजवळ दोन खोल्यांत ती एकटी राहते आणि अजून ब्लाउज बेतते. साहेब केव्हाच मेला.

सहलीहून आल्यावर मी तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिनं कात्री खाली ठेवली.

“काय नेसते म्हणे मी?”

“पांढरी साडी.”

“पांढरं मला कधी आवडलंच नाही,” ती म्हणाली. मग कात्री पुन्हा उचलत, “मी मेले म्हणाले ते एका अर्थी बरंच झालं की ग. मेलेल्या बाईला कोण शोधतंय?”

मी म्हटलं, फलाटावरचे लोक तुमच्यासाठी गप्प नव्हते बसले.

“ते मला माहीत नाही होय? बस कुठून सुटते तेवढं सांग.”

पुढच्या रविवारी आम्ही दोघी गेलो. गृहस्थांना मी सांगितलं की माझ्या ओळखीच्या आजी आहेत. बंगल्यापुढे त्यांनी पुन्हा तीच गोष्ट तशीच आवाज खाली आणून सांगितली. अक्कानं ती शेवटपर्यंत ऐकली. मग काठी टेकत पुढे गेली.

“ती बाई मी,” ती म्हणाली. “उडीबिडी काही मारली नाही. नवरा मारत होता म्हणून सकाळच्या गाडीनं गेले. लोक बघत होते.”

एक बाई पुढे आली आणि तिनं अक्काबरोबर फोटो काढला. तरुणांपैकी एकानं विचारलं, मग भूत कोणाचं आहे? गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, खरं असेल हो. पण लोक लांबून येतात, त्यांचा विरस होतो. आजींना जरा समजवा.”

मी म्हटलं, “समजवायचं असेल तर तुम्हीच समजवा.” ते गेले नाहीत. तेवढी हिंमत त्या कॉलनीतही कुणात नव्हती.

अक्का तोवर एकटीच आत शिरली होती. मी मागून गेले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती उभी होती आणि भिंतीला हात लावून बघत होती. इथेच डोकं आपटायचा, असं ती मला अगदी साध्या आवाजात म्हणाली. मग हात पदराला पुसला आणि बाहेर आली.

गृहस्थांची सहल अजून चालू आहे. परवा एक शेजारीण जाऊन आली. आता त्या बंगल्यात साहेबाचं भूत आहे म्हणे, बायको सोडून गेल्याच्या दुःखानं रडत फिरणारं. ऐकताना शेजारणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी अक्काला सांगितलं. ती हसली नाही, चिडलीही नाही. “रडू दे की,” म्हणाली आणि माझ्या ब्लाउजच्या बाह्यांचं माप घेऊ लागली.