चंद्रावरची टॉवेल-टोपी

माझा नवरा आणि माझा धाकटा भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, त्या काळात त्यांचं सगळं बोलणं माझ्यातून जायचं. दोघं एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर बसलेले. भाऊ मला म्हणणार, "ताई, दाजींना म्हणावं चहा निवून राहिला." नवरा मला म्हणणार, "त्याला म्हणावं, मला दिसतंय." मी मधे विजेच्या खांबासारखी. खांबाला निदान राग येत नाही. मला भयंकर यायचा.

भांडणाचं मूळ भावाच्या वास्तुशांतीत होतं. भाऊ हट्टा गावात शेती करतो, हळद आणि सोयाबीन. त्यानं नवं घर बांधलं, मांडव घातला, सगळं गणगोत बोलावलं. नवऱ्याचं कळमनुरीत विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. त्यानं दुकान बंद ठेवून आदल्या दिवशीच मांडवातल्या सगळ्या वायरी ओढल्या, दिवे लावले, माईक जोडून दिला. आणि मग त्याच माईकवरून भावानं एकेकाला पुकारून टॉवेल-टोपी दिली. मामाला दिली, सासऱ्याला दिली, गवंड्याला दिली, विहीर खोदणाऱ्यालाही दिली. जावई राहिला. मी बायकांच्या पंगतीत वाढत होते, मला कळलंसुद्धा नाही. नवरा पानावरून उठला आणि मोटरसायकल काढून एकटा कळमनुरीला निघून आला.

भावाचं म्हणणं, "विसरलो. गर्दीत डोकं चालत न्हवतं." नवऱ्याचं म्हणणं, "जावयाला विसरतं का कुणी?" एवढ्यावर दोघं थांबले ते थांबलेच. आमच्याकडे मानपानावरून रुसलेला माणूस पटकन सरळ होत नाही, आणि माझे दोघंही तसे नग. पूर्वी भावाची विहिरीवरची मोटार जळाली की वाटेतलं जवळा बाजार गाव ओलांडून तो ती इतक्या लांब कळमनुरीला आणायचा, रविवार बघून. नवरा ती उघडायचा आणि मग आम्ही चौघं, म्हणजे हे दोघं, मी आणि माझी भावजय, दुपारभर पत्ते खेळायचो. आता भाऊ मोटार जवळ्यालाच टाकायला लागला. पत्ते कपाटात गेले. मी आणि भावजय मात्र रोज फोनवर बोलत होतो, आणि दोघींच्या नवऱ्यांना मनसोक्त नावं ठेवत होतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गातली लाजाळू पोरं बोलती व्हावीत म्हणून काय काय शोधत असते. असंच एकदा इंटरनेटवर रोलप्लेइंगचा एक खेळ सापडला. नियम एका पानात मावणारे. प्रत्येकानं आपण कोण ते ठरवायचं, आपल्याला काय चांगलं जमतं आणि काय मुळीच जमत नाही ते लिहायचं. एकजण गोष्ट सांगतो आणि विचारतो, आता तू काय करतोस? अवघड काही करायचं असलं की फासे टाकायचे. जास्त पडले तर काम झालं, कमी पडले तर फसलं, मधलं पडलं तर काम होतं पण काहीतरी अंगाशी येतं. गोष्ट जंगलातली असो की राजवाड्यातली, नियम तेच. मी भावजयीला फोन केला. "शाळेसाठी घरी करून बघायचंय, चार माणसं लागतात असं सांगू," मी म्हटलं. ती म्हणाली, "शाळेचं नाव काढलं की हे न्हाई म्हणत न्हाईत."

रविवारी दुपारी भाऊ-भावजय दोघं आली. लुडोतले फासे काढले, पाठकोऱ्या कागदांचे तुकडे केले. मी आधी भुताचा किल्ला सुचवला. नवरा म्हणाला, "भूतबीत नको." भाऊ मला म्हणाला, "ताई, मग चंद्रावर जाऊ." नवरा मला म्हणाला, "त्याला विचार, काय पिकतंय तिथं?" भाऊ मला म्हणाला, "पिकत न्हाई म्हणूनच माल न्यायचा. हळद नेऊ." झालं, हळदीची पोती भरलेलं यान चंद्राकडे निघालं.

रोज करतो ते काम लिहायचं नाही, एवढी एक अट मी घातली. भावजयीनं क्षणाचाही विचार न करता लिहिलं, 'चोर'. काय जमत नाही, तर 'खोटं बोलताना हसू येतं'. नवऱ्यानं लिहिलं, 'यानाचा मालक'. भावानं पेन्सिल चावून चावून लिहिलं, 'मिस्तरी'. ते तर माझ्या नवऱ्याचं रोजचं काम.

मी गोष्ट सुरू केली. वाटेत हवेचा पंप बंद पडला, आत जीव गुदमरायला लागला. मिस्तरी, तू काय करतोस? भाऊ छाती काढून म्हणाला, "मी पंप उघडतो आन् हातोडीनं ठोकतो."

"हातोडी?" नवरा ओरडलाच. "काहून मरून राहिला? आधी लाइन बंद कर रे!"

कित्येक महिन्यांनी तो भावाशी थेट बोलला होता. भावानं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीनं म्हणाला, "मालक, लाइन बंद केली. आता काय करू?"

नवरा अडखळला. बोलावं तर अबोला मोडतो, न बोलावं तर यान बुडतं. मग त्याचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. त्याला पळवाट सापडली होती. मालकानं मिस्तरीशी बोलायला काय हरकत आहे? "आता कॉइल बघ. काळी पडली का?" तो म्हणाला. "पडली मालक." "मंग वास घे." "चंद्रावर वास येतो का मालक?" "तू यानात हायेस रे शहाण्या." भावानं फासे टाकले, मधलं पडलं. पंप चालू झाला आणि यानातले दिवे गेले. अंधारात भावजयीनं एक पोतं लंपास केलं आणि खोटं बोलताना इतकी हसली की मालकानं तिला जागीच पकडलं.

खेळ संपला. मी चहा टाकला. भाऊ मला म्हणाला, "ताई, दाजींना साखर कमी लागते ना?" नवरा मला म्हणाला, "त्याला म्हणावं, हाय बराबर." मला वाटलं, कपबशी दोघांच्या डोक्यात घालावी.

पण पुढच्या रविवारी भाऊ न बोलावता आला. त्याच्या पुढच्याही. आल्या आल्या म्हणायचा, "ताई, काढ की फासे." मग दुपारभर मालक आणि मिस्तरी घसा कोरडा पडेपर्यंत बोलायचे. मालक मिस्तरीला शिव्या घालायचा, मिस्तरी पगारवाढ मागायचा. एकदा तर मालकानं मिस्तरीला विचारलं, "तुझ्या गावाकडं पीकपाणी कसंय?" आणि मिस्तरीनं खऱ्या हळदीचं खरं दुखणं सांगितलं, कंदाला कीड लागल्याचं. मी फासे हातात धरून ऐकत बसले. फासे ठेवले की पुन्हा मी खांब. मला या दोघांचा इतका लोभ वाटायचा आणि इतका वैताग यायचा की सांगता सोय नाही. माझी एकच इच्छा होती, या दोघांनी फाशांशिवाय बोलावं. ते काही होईना.

शेवटी यान चंद्रावर पोचलं. मी म्हटलं, आता स्वागत जोरात करू. चंद्रावरचा मुकादम मूळचा कळमनुरीचाच निघाला. त्यानं मांडव घातला. मी रिकामा पेला तोंडापुढे धरून माईकचा आवाज काढला. पहिला मान मिस्तरीचा, कारण त्यानं यान चालतं ठेवलं. टॉवेल-टोपी. दुसरा मान बाईंचा, त्या चोर आहेत हे चंद्रावर कुणाला ठाऊक नव्हतं. साडी-चोळी. टाळ्या. मग पंगत बसली. जेवणाचं वर्णन करायला मला आवडतं, मी रंगात आले. वरण आलं, वांग्याची भाजी आली, तेवढ्यात भावजयीनं मला जोरात चिमटा काढला.

मी वर पाहिलं. नवरा हातातल्या फाशांकडे बघत होता.

"मालकाचं काय?" तो हळूच म्हणाला.

"विसरले," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खरंच विसरले होते. भावजय आजही म्हणते की मी मुद्दाम केलं. मला तेवढी अक्कल असती तर मी हे भांडण पहिल्याच आठवड्यात मिटवलं असतं.

"इथं माणसं किती?" नवऱ्यानं विचारलं.

"मी सोडून तीन."

"तीन माणसांत तू मला विसरलीस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. नवल होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्यानं मान वळवली आणि भावाकडे पाहिलं. भाऊ खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत होता. त्याच्या मांडवात तर सगळं गाव होतं.

"दाजी," भाऊ म्हणाला. मालक नाही, दाजी. "त्या दिशी मी बी..."

"ऱ्हाऊ दे," नवरा म्हणाला. "माईक हातात आला की माणसाचं डोकं चालत न्हाई. आत्ता बघितलं की." मग त्यानं विचारलं, "जवळ्याला कॉइल भरलेली मोटार कशी चालते?"

"लई आवाज करून राहिली."

"करणारच. घिऊन ये." मग त्यानं फासे सतरंजीवर ठेवून दिले. "आन् पाव्हणं, तुमच्या नव्या घरचं माझं जेवण ऱ्हायलंय."

भावाचे डोळे भरले. त्यानं शर्टाच्या बाहीनं ते पुसले आणि म्हणाला, "उद्याच या, दाजी. पुरण घालायला सांगतो."

"उद्या दुकान हाय. रविवारी येतो."

"रविवारी या. पण सकाळीच या."

माझे डोळे केव्हाच वाहायला लागले होते. भावजय माझा हात घट्ट धरून होती. मी त्या दोघांच्या बरोबर मधे बसले होते, आणि मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही.